मोडकी मान, सैल सांधे: इलेक्ट्रिक गिटारच्या कच्च्या दुव्यांची पार्श्वभूमी

इलेक्ट्रिक गिटार दिसायला दणकट असते. अकूस्टिक गिटारसारखे पातळ फळ्यांचे पोकळ धड तिला नसते; भरीव लाकडाचा ठोकळा, त्यावर तारांना आधार देणारा धातूचा ब्रिज आणि तारांची कंपने विजेत बदलणारे, स्क्रूने आवळलेले पिकअप अशी तिची बांधणी असते. तरीही गेली सत्तर वर्षे दुरुस्ती करणाऱ्यांच्या टेबलावर येणाऱ्या तक्रारी फारशा बदललेल्या नाहीत. मानेच्या टोकाचा खुंट्यांचा भाग, म्हणजे हेडस्टॉक, नटाजवळ, म्हणजे तारा ज्या खाचांच्या पट्टीवरून मानेवर येतात तिथे, मोडतो, मान वाकते, तारा सैल-घट्ट करून सूर हलवणाऱ्या ट्रेमोलोचा दांडा हलवला की सूर उतरतो, केबल जोडण्याचा जॅक सैल होऊन आवाज तुटक येऊ लागतो. या दोषांवर उपाय सापडले नाहीत असे मुळीच नाही. बहुतेकांवर ते फार पूर्वी सापडले, कारखान्यांनी ते अमलातही आणले, आणि पुष्कळदा गिऱ्हाइकांनीच ते परत पाठवले.

मुळात या वाद्यावर येणारा ताण समजून घेतला पाहिजे. सहा पोलादी तारांचा नेहमीचा संच सुरात लावला की त्यांची एकत्रित ओढ चाळीस ते पन्नास किलो वजनाइतकी होते आणि ती रात्रंदिवस चालू राहते. लाकूड अशा ओढीपुढे हळूहळू वाकते. यावरचा उपाय इलेक्ट्रिक गिटारच्या आधीचा आहे. गिब्सन कंपनीतील थॅडियस मॅकह्यू यांना १९२३ मध्ये मानेच्या आत बसवायच्या, बाहेरून आवळता येणाऱ्या पोलादी सळईचे पेटंट मिळाले. हीच आजची ट्रस रॉड. तिने मान बारीक करता आली आणि वाकही काढता येऊ लागला. मात्र ती आवळण्याची चाकी ठेवायला लाकडात पोकळी करावी लागली आणि गिब्सनने ती हेडस्टॉकच्या मुळाशी, म्हणजे मान सर्वांत बारीक असते तिथेच केली. पुढच्या साऱ्या कटकटीचे एक मूळ या निर्णयात आहे.

विजेवर चालणारी, बाजारात टिकलेली पहिली गिटार धातूची होती, हे अनेकांना ठाऊक नसते. जॉर्ज बोशाम यांच्या कल्पनेतून १९३१ मध्ये साकारलेली आणि पुढच्या वर्षी विक्रीस आलेली, ‘फ्राइंग पॅन’ या टोपणनावाने ओळखली जाणारी, मांडीवर आडवी ठेवून वाजवायची लॅप स्टील गिटार ओतीव अॅल्युमिनियमची होती. मोडण्याची भीती तिला नव्हती, पण रंगमंचावरच्या दिव्यांच्या उष्णतेने धातू प्रसरण पावे आणि लावलेला सूर ढळे. १९३५ मध्ये ती बनवणाऱ्या रिकनबॅकर कंपनीने बेकेलाइट या कठीण प्लॅस्टिकचा प्रयोग केला. ते तापमानाला दाद देत नसले तरी जड आणि ठिसूळ होते. धातू सूर सोडतो आणि लाकूड मोडते, हा पेच पहिल्या पाच वर्षांतच पुरता उघड झाला होता.

१९५० च्या सुमारास भरीव धडाच्या गिटारची दोन घराणी उभी राहिली आणि प्रत्येकाने आपापले गुणदोष जन्मतःच सोबत आणले. कॅलिफोर्नियातील फुलर्टनचे लिओ फेंडर हे रेडिओ दुरुस्त करणारे गृहस्थ. त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नसे. बिघडलेला भाग काढावा आणि नवा बसवावा, या दुकानदारी शिस्तीने त्यांनी गिटारची आखणी केली. मेपलची सरळ मान चार स्क्रूंनी धडाला आवळलेली, हेडस्टॉक मानेच्याच रेषेत सपाट आणि वायरिंग एका पत्र्याखाली सहज हाती लागणारे. याउलट मिशिगनमधील कॅलामाझूची गिब्सन कंपनी व्हायोलिनच्या धर्तीवर कोरीव मेंडोलिन बनवण्यातून वाढलेली होती. तिच्या कारागिरांच्या लेखी मान सरसाने धडात पक्की बसवायची असते आणि हेडस्टॉक मागे झुकलेला असतो. १९५२ मध्ये त्यांनी लेस पॉल नावाचे मॉडेल बाजारात आणले तेव्हा त्यात ही परंपरा जशीच्या तशी उतरली.

त्या पहिल्या लेस पॉलची गंमत अशी की तिच्यात हेडस्टॉकच्या आधीच एक ठळक चूक होती. मानेचा कोन इतका कमी ठेवला गेला होता की झोक्यासारख्या टेलपीसच्या, म्हणजे तारांची धडाकडील टोके अडकवण्याच्या भागाच्या, दांडीवरून तारा नेता येईनात. त्या दांडीखालून गुंडाळाव्या लागल्या. परिणामी तळहाताने तारा दाबून वाजवणे अवघड झाले आणि प्रत्येक तारेची लांबी स्वतंत्रपणे जुळवण्याची सोय उरली नाही. १९५३ मध्ये धडात रोवलेली दांडी आली, १९५४ मध्ये लेस पॉल कस्टम मॉडेलवर प्रत्येक तारेची लांबी जुळवता येणारा ट्यून-ओ-मॅटिक ब्रिज आला आणि ही चूक मिटली. गिऱ्हाइकांनी या सुधारणेबद्दल कधी कुरकुर केली नाही, कारण जुन्या रूपाला चिकटून बसावे असा काळ अजून आलेला नव्हता.

हेडस्टॉकचे दुखणे मात्र राहिले, आणि ते जवळून पाहण्यासारखे आहे. लेस पॉलची मान महोगनीच्या एकाच तुकड्यातून कापली जाई. लाकडाचे तंतू मानेच्या लांबीशी समांतर धावतात. पण हेडस्टॉक १७ अंशांनी मागे वळल्यामुळे त्या भागात तेच तंतू तिरके कापले जातात आणि आखूड उरतात. सरपण फोडणाऱ्याला जे ठाऊक असते तेच इथे घडते: तंतूंच्या दिशेने लाकूड चटकन दुभंगते. त्यात महोगनी मेपलपेक्षा मऊ, नटाच्या मागेच ट्रस रॉडची पोकळी, आणि त्या पोकळीखाली उरलेले लाकूड जेमतेम काही मिलिमीटरचे. हेडस्टॉकवर सहा धातूच्या खुंट्यांचे वजन असते ते वेगळेच. गिटार पाठीवर पडली की हेडस्टॉकचे टोक आधी जमिनीला लागते, आणि आघाताची दिशा व तारांच्या ओढीची दिशा नेमकी एकच असते. कडक पेटीत ठेवलेली गिटारही यातून सुटत नाही. पेटी आपटली की धड जागच्या जागी थांबते, हेडस्टॉक मात्र गतीत राहतो आणि झटका नटाच्या मागे बसतो. पेटीवर ओरखडा नसताना आत मान मोडलेली सापडते ती यामुळे.

१९६० च्या दशकाच्या मध्यावर गिब्सनने हा कोन १७ वरून १४ अंशांवर आणला. १९६९ च्या सुमारास नटाच्या मागे लाकडाचा उंचवटा, म्हणजे व्होल्यूट, ठेवण्यास सुरुवात झाली आणि मान एकाऐवजी तीन पट्ट्या चिकटवून बनू लागली. पुढे महोगनीऐवजी मेपलही वापरले गेले. अभियांत्रिकीच्या दृष्टीने यातला प्रत्येक बदल योग्य दिशेचा होता. परंतु नेमक्या त्याच वर्षांत कंपनीची मालकी बदलली, एकूण कामाचा दर्जा घसरल्याची ओरड सुरू झाली, आणि व्होल्यूट हे मजबुतीऐवजी त्या पडत्या काळाचे लक्षण मानले जाऊ लागले. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीस व्होल्यूट गेले, मेपलच्या मानाही मागे पडल्या आणि कोनही जुन्या १७ अंशांवर स्थिरावला. माझ्या मते या वाद्याच्या इतिहासातील सर्वांत बोलका प्रसंग हाच आहे.

दुसरा साधा उपाय त्याहून जुना आहे. हेडस्टॉकसाठी वेगळा तुकडा तिरका कापून मानेला चिकटवला की दोन्ही भागांत तंतू लांबीच्या दिशेनेच राहतात. शास्त्रीय गिटारचे कारागीर हा तिरका सांधा पिढ्यान् पिढ्या वापरत आले आहेत. आशियातील कारखान्यांनी लाकूड वाचवण्यासाठी तो स्वीकारला, आणि त्यामुळे तो स्वस्त गिटारची खूण ठरला. या एका बाबतीत स्वस्त गिटार महागड्या गिटारपेक्षा शहाणपणाची आहे, हे विकत घेणाऱ्याच्या गळी उतरवणे कठीण जाते.

गिब्सनची १९६१ ची नवी आखणी, जी पुढे एसजी या नावाने रूढ झाली, तिने दुखणे मानेच्या दुसऱ्या टोकाला नेले. धड पातळ करून वरच्या सर्व फ्रेटपर्यंत, म्हणजे मानेवरच्या सुरांच्या आडव्या पट्ट्यांपर्यंत, बोटे पोहोचावीत म्हणून मान जवळजवळ धडाबाहेरच जोडली गेली. शिवाय पिकअपच्या खोबणीने सांध्यातले लाकूड खाल्ले. मान हाताने ढकलली तरी सूर हलावा इतका हा सांधा लवचिक होता आणि दशकभरात त्याची रचना अनेकदा बदलावी लागली.

फेंडरच्या घराण्यात हेडस्टॉक क्वचितच मोडतो, पण तेथे सारे आलबेल होते असे नाही. १९५० मधील पहिल्या एस्क्वायर गिटारमध्ये ट्रस रॉडच नव्हती. मेपल कठीण असल्याने तिची गरज नाही, असा हिशेब होता. माना वाकल्या, अनेक गिटार बदलून द्याव्या लागल्या आणि वर्ष संपण्यापूर्वी सळई आली. तीही मानेच्या धडाकडील टोकाला आवळायची, म्हणजे दर वेळी मान सैल करण्याची कसरत. सपाट हेडस्टॉकमुळे तारा नटावर नीट दाबल्या जात नाहीत, म्हणून वर तारा खाली ओढून धरणारे लहान आकडे बसवावे लागले, आणि तारा तिथे अडकून सूर सोडू लागल्या. १९५४ च्या स्ट्रॅटोकास्टरवर सहा स्क्रूंवर डोलणारा ट्रेमोलो आल्यावर हे घर्षण अधिकच जाचक झाले, कारण दांडा सोडल्यावर तार पूर्वीच्या जागी परतेलच याची खात्री उरली नाही. १९५८ च्या जॅझमास्टरमध्ये ब्रिजवरून तारांचा कोन इतका कमी होता की जोरात वाजवणाऱ्याच्या तारा खाचेतून उडत.

१९६५ मध्ये सीबीएस या अमेरिकी प्रसारण कंपनीने १ कोटी ३० लाख डॉलरना फेंडर विकत घेतली. १९७१ पासून स्ट्रॅटोकास्टरची मान चारऐवजी तीन ठिकाणी आवळली जाऊ लागली आणि तिचा कोन एका लहान स्क्रूने बदलता येऊ लागला. कल्पना चांगली होती. पूर्वी त्यासाठी मानेखाली पाचर सारावी लागे. पण मानेची खोबण सैल कापली जात असल्यामुळे मान बाजूला सरके आणि कडेची तार फ्रेटबोर्डवरून घसरे. दोषाचे खापर स्क्रूच्या संख्येवर फुटले. खोबण घट्ट असती तर तीन स्क्रू पुरेसे होते, असेच मला वाटते. पण १९८१ च्या सुमारास चार स्क्रू परतले आणि चर्चा संपली.

ट्रेमोलोच्या सुराचा प्रश्न फ्लॉइड रोझ यांनी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात सोडवला. तार नटापाशी आणि ब्रिजपाशी दोन्हीकडे जखडून टाकली की घर्षणाला वावच राहत नाही. मोबदल्यात नवे कच्चे दुवे आले. एक तार तुटली की स्प्रिंगांचा तोल जाऊन उरलेल्या पाचही बेसूर होतात, आणि ब्रिज ज्या धारदार कडेवर डोलतो ती कड झिजली की सारा खटाटोप व्यर्थ जातो. जखडणारा नट बसवण्याची सुरुवातीची रीत तर अशी की मानेतून आरपार दोन भोके पाडून मागून स्क्रू आवळायचे, म्हणजे आधीच दुबळ्या जागी आणखी लाकूड काढायचे.

लाकूड वगळण्याचे प्रयत्नही झाले. १९७४ मध्ये ट्रॅव्हिस बीन यांनी आणि १९७६ मध्ये क्रेमर कंपनीने अॅल्युमिनियमच्या माना बाजारात आणल्या. त्या मोडत नसत, पण हाताला गार लागत आणि तापमानाबरोबर सूर बदलत, म्हणजे चाळीस वर्षांपूर्वीचीच तक्रार. कार्बन तंतूंनी ती दूर केली. नेड स्टाइनबर्गर यांनी १९८० च्या आसपास आधी बास आणि मग गिटार या पदार्थाची बनवली आणि हेडस्टॉकच काढून टाकला. खुंट्या धडाच्या टोकाला गेल्या. मोडणारा भागच नसल्यावर मोडण्याचा प्रश्न येत नाही. त्याच दशकाच्या उत्तरार्धात ती कंपनी गिब्सननेच विकत घेतली, पण लेस पॉलवर त्याचा काडीचाही परिणाम झाला नाही. १९९३ ची पार्कर फ्लाय, पातळ लाकडावर कार्बन आणि काचतंतूंचे कवच चढवलेली, स्टेनलेस स्टीलचे सहसा न झिजणारे फ्रेट असलेली, वादकांनी वाखाणली आणि तरीही आज तिचे उत्पादन बंद आहे.

काही दोष काळ स्वतः निर्माण करतो. गिटारवर चढवलेल्या नायट्रोसेल्युलोज लॅकरला थंडीने तडे जातात आणि काही स्टँडवरच्या रबराशी त्याची रासायनिक क्रिया होऊन डाग पडतात. सेल्युलॉइड या जुन्या प्लॅस्टिकचे भाग जुने झाले की त्यातून वायू सुटतो. १९५० च्या दशकातल्या गिटारवरील खुंट्यांची प्लॅस्टिक बटणे आक्रसून हातात भुगा होतात, ग्रेच कंपनीच्या गिटारच्या कडेच्या पट्ट्या कुजल्यासारख्या गळतात आणि शेजारचा धातू गंजतो. पिकअपमधील तांब्याची तार केसाएवढी बारीक असते आणि तिचे हजारो वेढे असतात. घामाचा ओलावा आत शिरला की ती आतल्या आत तुटते. विद्युत भागांबद्दल एरवी फारसे सांगण्यासारखे नाही, कारण आवाज कमी-जास्त करणारे पोटेन्शिओमीटर आणि जॅक ही रेडिओच्या दुकानातलीच माणसे, बदलली की काम झाले. लेस पॉलच्या कडेला जॅकभोवती असलेली प्लॅस्टिकची चौकोनी पट्टी तेवढी केबल अडखळली की हमखास तडकते. चार स्क्रू काढून तिथे धातूची बसवणे हे दहा मिनिटांचे काम आहे.

मोडलेला हेडस्टॉक नीट चिकटवला तर सांधा मूळ लाकडापेक्षाही टिकाऊ ठरू शकतो. गिटारची किंमत मात्र मोठ्या प्रमाणात उतरते, कारण जुन्या गिटारच्या बाजारात मजबुतीपेक्षा मूळपणाला भाव आहे. कंपन्यांना हे उमगलेले आहे. २०१३ मध्ये गिब्सनच्या कस्टम विभागाने आपल्या पुनर्निर्मित लेस पॉलमध्ये मान पुन्हा गरम सरसाने चिकटवायला आणि ट्रस रॉडवरचे प्लॅस्टिकचे वेष्टन काढायला सुरुवात केली, आणि ही बाब जाहिरातीत ठळकपणे मांडली. याच कंपनीने २०१५ मध्ये आपल्या बहुतेक अमेरिकी मॉडेलवर आपोआप सूर लावणाऱ्या मोटारीच्या खुंट्या, रुंद केलेली मान आणि उंची बदलता येणारा पितळी नट सक्तीने बसवला. वादकांनी इतका विरोध केला की पुढच्याच वर्षी साध्या खुंट्यांची आणि जुन्या पद्धतीच्या नटाची आवृत्ती परत आली. झुकलेला हेडस्टॉक आणि त्याच्या मुळाशी असलेली ट्रस रॉडची पोकळी ही मूळ ठेवण मात्र या सगळ्या उलथापालथीत जागची हलली नाही.