रोबोटिक्स इंजिनीअरिंगमध्ये जायचे रस्ते (मुंबई)

रोबोटिक्स इंजिनीअरिंग म्हणजे सेन्सरने आजूबाजूचं बघून स्वतः हलणारी मशीन बनवायचं काम, आणि त्यात मेकॅनिकल, इलेक्ट्रॉनिक्स, कॉम्प्युटर तिन्ही लागतं, म्हणून इथे शिरायला एकच दार नाही. मुंबईत पालक आधी विचारतात की रोबोटिक्सची ब्रँच कुठे आहे, पण त्या नावाची डिग्री नसली तरी काही अडत नाही. माझ्या मते या तिघांतली एक ब्रँच नीट करून बाकी दोघांतलं कामापुरतं शिकलेली मुलं जास्त पक्की होतात.

नेहमीचा रस्ता म्हणजे बारावी सायन्स, मग एमएचटी-सीईटी नाहीतर जेईई, मग ४ वर्षं इंजिनीअरिंग. दुसरा दहावीनंतरचा, ३ वर्षं डिप्लोमा आणि तिथून डिग्रीला डायरेक्ट सेकंड इयर, याला लोक उगाच कमी लेखतात, खरं तर मशीनवर हात लवकर बसतो तो इथेच. आयटीआय करूनही कारखान्यातले रोबोट चालवायच्या, मेंटेनन्सच्या कामाला लागता येतं.

पण खरं शिक्षण वर्गाबाहेर होतं. माटुंग्याच्या व्हीजेटीआयमध्ये (स्थापना १८८७) विद्यार्थ्यांचीच सोसायटी ऑफ रोबोटिक्स अँड ऑटोमेशन आहे, तिथे सीनियर ज्युनियरना शिकवतात. पवईच्या आयआयटीचा ई-यंत्र प्रोजेक्ट तर देशभरातल्या कॉलेजांच्या टीमसाठी स्पर्धा घेतो, म्हणजे आपलं कॉलेज छोटं असलं तरी भाग घेता येतो आणि घ्यावाच.

सुरुवात बहुतेक जण लाइन फॉलोअरने करतात, काळ्या पट्टीवरून चालणारी छोटी गाडी. सामान ग्रँट रोडजवळच्या लॅमिंग्टन रोडवर मिळतं, तिथे काउंटरवर पहिला प्रश्न येतो की मोटर किती व्होल्टची, किती आरपीएमची (मिनिटाला किती फेरे), आणि तेव्हा कळतं की आपण हा हिशोब केलेलाच नाही. एल२९८ ड्रायव्हर (मोटरला करंट पुरवणारं सर्किट) स्वतःच साधारण २ व्होल्ट खातो, त्यामुळे ६ व्होल्टची मोटर ६ व्होल्टच्या बॅटरीवर लावली की गाडी रखडते आणि मुलं रात्रभर कोडमध्ये चूक शोधत बसतात. कंट्रोलर (प्रोग्राम चालवणारा बोर्ड) आणि ड्रायव्हरचा ग्राउंड, म्हणजे शून्य व्होल्टची वायर, एकमेकांना जोडायचा राहिला तरी तसंच. मग गाडी वळणावर डावी-उजवी डोलायला लागते, ती सरळ करताना पीआयडी (चूक किती आहे ते बघून सतत दुरुस्ती करत राहायची पद्धत) जे डोक्यात बसतं ते कुठल्याही लेक्चरने बसत नाही. पुढे सी++, पायथन, लिनक्स आणि आरओएस (रोबोटचे वेगवेगळे प्रोग्राम एकमेकांशी जोडणारं सॉफ्टवेअर) शिकावंच लागतं.

नोकरीला बरेच जण पुण्याजवळ चाकणला ऑटोमेशनमध्ये जातात. मुंबईतच राहायचं तर ट्रॉम्बेच्या बीएआरसीचं (भाभा अणुसंशोधन केंद्र) नाव घ्यायलाच हवं, तिथे रिमोट हँडलिंग आणि रोबोटिक्सचा वेगळा विभाग आहे. इंजिनीअरिंगनंतर गेट या देशपातळीवरच्या परीक्षेच्या स्कोअरवर किंवा त्यांच्या परीक्षेतून इंटरव्ह्यूपर्यंत पोचता येतं, निवड झाली की १ वर्षाचं ट्रेनिंग. किरणोत्सारी पदार्थ हाताळायच्या बंद खोल्यांसाठी त्यांनी यांत्रिक हात बनवलेत, ऑपरेटर जाड काचेच्या अलीकडे उभा राहून हात हलवतो आणि आतला हात तशीच हालचाल करतो.