माहिती आयुक्तांची पाच वर्षं तीन कशी झाली?

माहिती अधिकारातला अर्ज आधी जन माहिती अधिकाऱ्याकडे जातो, मग पहिल्या अपिलात त्याच्याच वरिष्ठाकडे. दोघेही त्याच खात्यातले. खात्याबाहेरचा माणूस भेटतो तो दुसऱ्या अपिलात, म्हणजे माहिती आयुक्त. माहिती विनाकारण अडवली तर दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० रुपये शास्ती तो संबंधित अधिकाऱ्याला लावू शकतो. असा बडगा ज्याच्या हाती, त्याची मुदत आणि पगार सरकारनेच ठरवावा का?

महाराष्ट्राच्या स्वतःच्या कायद्यात हा प्रश्न वेगळ्या वाटेने सुटला होता. अण्णा हजारे २००३ च्या ऑगस्टमध्ये आझाद मैदानावर उपोषणाला बसले, तेव्हा राष्ट्रपतींची मंजुरी अडकलेला तो कायदा मार्गी लागला. त्यात आयुक्त नव्हतेच. दुसरं अपील लोकायुक्तांकडे जायचं. केंद्राने मात्र २००५ मध्ये स्वतंत्र आयोग उभा केला.

मूळ विधेयकात मुख्य माहिती आयुक्ताला सचिवाचा दर्जा होता. सचिवाच्या दर्जाच्या माणसाने सचिवांच्या खात्याला जाब विचारायचा, हे संसदेच्या स्थायी समितीला पटलं नाही. समितीच्या शिफारशीनंतर केंद्रीय मुख्य माहिती आयुक्ताला मुख्य निवडणूक आयुक्ताच्या बरोबरीने बसवलं गेलं. मुदत पाच वर्षं किंवा वयाची ६५ वर्षं, यातलं जे आधी येईल ते. आणि हे सगळं थेट कायद्यातच लिहिलेलं. त्या समितीत रामनाथ कोविंदही होते. पुढे मुदत आणि पगार ठरवण्याचा अधिकार केंद्र सरकारकडे देणाऱ्या २०१९ च्या दुरुस्तीवर राष्ट्रपती म्हणून सही त्यांचीच झाली.

मधल्या काळात आयोगाने सरकारला अडचणीत टाकणारे आदेश दिले. डिसेंबर २०१६ मध्ये केंद्रीय आयोगातले आयुक्त श्रीधर आचार्युलू यांनी दिल्ली विद्यापीठाला १९७८ च्या बीए परीक्षेचे अभिलेख पाहू द्यायला सांगितलं. पंतप्रधानांची पदवी त्याच वर्षाची. जानेवारी २०१७ मध्ये मनुष्यबळ विकास खात्याची प्रकरणं त्यांच्याकडून काढून घेण्यात आली. दुरुस्तीला जाहीर विरोध करणाऱ्यांत नंतर तेही होते. असे आदेश आणि दुरुस्ती, या दोन गोष्टींचा थेट संबंध जोडता येणार नाही, पण चर्चा व्हायची ती झालीच.

२०१८ मध्ये विरोधामुळे मागे पडलेलं दुरुस्ती विधेयक जुलै २०१९ मध्ये आठवडाभरात दोन्ही सभागृहांतून पार झालं. सरकारचा मुद्दा असा की निवडणूक आयोग घटनात्मक, माहिती आयोग नुसता वैधानिक, म्हणजे साध्या कायद्याने उभा केलेला. दर्जा सारखा कसा? मुद्दा अगदीच पोकळ नाही, पण मुदत कमी का करायची याचं उत्तर त्यात मिळत नाही.

२४ ऑक्टोबर २०१९ च्या नियमांनी मुदत तीन वर्षांवर आणली. पगाराचे आकडे मात्र बघण्यासारखे आहेत. मुख्य आयुक्ताला अडीच लाख, म्हणजे आधीइतकेच. केंद्रातल्या इतर आयुक्तांना आणि राज्यांतल्या सगळ्यांना सव्वादोन लाख. पैशांत फारसा फरक नाही. फरक हा की पूर्वी मुदत बदलायला संसदेत जावं लागायचं, आता अधिसूचना पुरते. शिवाय एखाद्या वर्गासाठी नियम शिथिल करण्याची मुभा केंद्राने स्वतःकडे ठेवली. राज्याच्या आयुक्तांचा पगार राज्याच्या तिजोरीतून, अटी मात्र दिल्लीच्या.

आयुक्ताला गैरवर्तनासाठी हटवायचं तर आधी सर्वोच्च न्यायालयाची चौकशी, हे कलम तसंच राहिलं. आयोग लंगडा करायला ते कलम हलवावं लागतही नाही. जागा रिकाम्या ठेवल्या की काम होतं. फेब्रुवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रिक्त पदांवरून सरकारांना फटकारलं, तरी झारखंडचा आयोग मे २०२० पासून वर्षानुवर्षं बंद पडला आणि महाराष्ट्रात प्रलंबित प्रकरणं लाखावर गेली. दुरुस्तीला जयराम रमेश यांनी आव्हान दिलं, जानेवारी २०२० मध्ये न्यायालयाने नोटीस काढली. पुढच्या नेमणुका नव्या नियमांनीच होत राहिल्या.