ई. कोलाय सापडला, पण कोणता?

पहिला पाऊस झाला की जळगाव-धुळ्याकडच्या विहिरींच्या पाण्याचे नमुने तपासायला जातात आणि एखाद्याचा अहवाल येतो: पिण्यास अयोग्य. ई. कोलाय हा आतड्यातला जीवाणू सापडला, म्हणजे पाण्यात विष्ठा मिसळली. तो जुलाब लावणारा आहे की नाही, हे मात्र त्यावरून कळत नाही, कारण बहुतेक ई. कोलाय आपल्याच आतड्यात गुमान नांदतात.

फरक जनुकांचा. प्रयोगशाळेतल्या निरुपद्रवी के-12 वाणाचा डीएनए सुमारे 46 लाख अक्षरांचा. रक्ती जुलाब लावणाऱ्या ओ157:एच7 (थोडक्यात ओ157) या वाणाचा 55 लाखांच्या आसपास. जादा मजकूर बराचसा उसना. त्यातला काही, जीवाणूंना ग्रासणाऱ्या विषाणूंनी, म्हणजे फाजांनी, आणून टाकलेला, काही प्लाझ्मिड नावाच्या सुट्या डीएनए-कड्यांवरून आलेला.

पाण्यासारखे जुलाब लावणाऱ्या ई. कोलायच्या ईटेक नावाच्या गटात विषाची जनुकं प्लाझ्मिडवर असतात. त्यातलं एलटी हे विष पटकीच्या विषाचं सख्खं भावंड: आतड्याच्या पेशीतून क्लोराइड बाहेर सुटतं, त्याच्यामागे पाणी. पण नुसतं विष पुरत नाही. आतड्याला धरून ठेवणाऱ्या तंतूंचीही जनुकं लागतात, नाहीतर जीवाणू वाहून जातो.

ओ157 चं शिगा विष फाजाच्या जनुकांत दडलेलं असतं. काही अँटिबायोटिकांनी जीवाणूच्या डीएनएला इजा झाली की झोपलेला फाज जागा होतो, पेशी फुटते आणि विष सांडतं. लहान मुलांची मूत्रपिंडं त्यानेच निकामी होऊ शकतात. म्हणून जुलाबात रक्त दिसलं तर मेडिकलवरून मनानेच गोळी आणू नये.

2011 साली जर्मनीत मेथीच्या कच्च्या मोडांतून साथ पसरली, 50 हून जास्त माणसं दगावली. आपली मेथी फोडणीत शिजते, ते बरंच आहे. तिथला ओ104:एच4 हा ई. कोलायचा वाण आतड्याला थराथराने चिकटणाऱ्या गटातला, वर शिगा विषाचं जनुक उचललेला. ओ157 सॉर्बिटॉल हा साखरेसारखा पदार्थ सहसा आंबवत नाही, म्हणून जीवाणू वाढवायच्या खास प्लेटवर त्याच्या वसाहती, म्हणजे वाढलेल्या जीवाणूंचे ठिपके, फिक्या दिसतात. ओ104 मात्र आंबवत होता, म्हणून नुसत्या प्लेटवर ओळखू येत नव्हता.

खात्री होते पीसीआरने, म्हणजे हव्या त्या जनुकाच्या असंख्य प्रती काढणाऱ्या चाचणीने. वसाहत पाण्यात 10 मिनिटं उकळून डीएनए मोकळा करतात, त्या जनुकाचे प्रायमर, म्हणजे त्याला जुळणारे डीएनएचे छोटे तुकडे, घालून 30-35 फेऱ्या चालवतात आणि जेलवर त्या प्रतींची पट्टी उमटते का ते पाहतात. एकच वसाहत घेतली तर नेमकी रोगकारक हुकू शकते. निदान पाच घ्याव्यात. वारंवार वाढवलेल्या जीवाणूतून प्लाझ्मिड गळतं आणि निकाल खोटा निगेटिव्ह येतो. डीएनए न घातलेल्या नळीतही पट्टी उमटली, तर सगळी फेरी रद्द.

विहिरीवर मात्र एवढी चिकित्सा नको. क्लोरीनला जनुकांशी घेणंदेणं नाही. 1000 लिटरला 5 ग्रॅम टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, आधी बादलीत कालवून, गाळ खाली बसू देऊन वरची निवळी ओतायची. अर्ध्या तासाने ओटी टेस्ट, म्हणजे ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकून क्लोरीन पाहायची चाचणी: पाणी पिवळं झालं तर क्लोरीन शिल्लक आहे. रंग आला नाही तर दोष बहुधा पावडरीचा असतो, पिशवी उघडी राहून ती मेलेली असते. नाहीतर गढूळ पाण्याने सगळा क्लोरीन खाल्लेला असतो.