अमेरिकेत कॉलेजचा अ‍ॅथलेटिक डायरेक्टर कसा निवडतात : पात्रता, कागदपत्रं आणि कॉन्फरन्सच्या फेरबदलात काय पाहावं

आपल्याकडे कॉलेजात क्रीडा संचालक व्हायचं तर यूजीसीचे निकष, नेट किंवा सेट हे ठरलेलं असतं. अमेरिकेत अ‍ॅथलेटिक डायरेक्टरसाठी अशी परीक्षा नाही, कॉलेज खेळांची मुख्य संघटना एनसीएए परवाना देत नाही आणि सगळीकडे चालेल असा एकच फॉर्मही नाही. प्रत्येक विद्यापीठ आपली जाहिरात स्वतः काढतं, त्यामुळे ती शब्द न् शब्द वाचा.

पदवी बहुतेक ठिकाणी लागतेच, पदव्युत्तर असेल तर पसंती. खरं वजन अनुभवाला आहे: बजेट सांभाळणं, देणगीदार जोडणं, प्रशिक्षक नेमणं, एनसीएएचे नियम आणि 1972 च्या टायटल नाइन कायद्यानुसार मुलींना समान संधी देणं.

अर्जाचं पत्र, बायोडाटा आणि तुमच्याबद्दल सांगू शकतील अशा तीन ते पाच जणांची नावं, एवढं सुरुवातीला पुरतं. पुढे पदव्यांची पडताळणी आणि पार्श्वभूमी तपासणीला लेखी संमती मागतात. आधीच्या नोकरीत नियमभंगाचं प्रकरण झालं असेल तर ते आपणहून सांगा, ते बाहेर येतंच. भारतीय नागरिकाला तिथे काम करण्याची परवानगीही लागते.

विद्यापीठाचे अध्यक्ष शोध समिती नेमतात. बऱ्याचदा खासगी शोधसंस्थाही असते आणि ती उमेदवारांना स्वतः फोन करते. मुलाखती, मग करार. सरकारी विद्यापीठात अनेकदा नियामक मंडळाची मंजुरी.

आता कॉन्फरन्सचा, म्हणजे एकमेकांशी नियमित खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटाचा प्रश्न. पॅक-12 या कॉन्फरन्समधली बारापैकी दहा विद्यापीठं 2024 मध्ये बाहेर पडली. ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट ही दोनच उरली. त्याच वर्षी मार्चमध्ये टेक्सास ए अँड एम विद्यापीठाने नेब्रास्का विद्यापीठाचे अ‍ॅथलेटिक डायरेक्टर ट्रेव्ह अल्बर्ट्स नेले, नेब्रास्काने वॉशिंग्टनचे ट्रॉय डॅनन घेतले, वॉशिंग्टनने वॉशिंग्टन स्टेट या वेगळ्या विद्यापीठाचे पॅट चुन. डॅनन यांना वॉशिंग्टनमध्ये सहा महिनेही झाले नव्हते. साखळीच्या शेवटी रिकामी खुर्ची राहिली ती ज्या विद्यापीठाला आधार सर्वात जास्त हवा होता, त्या वॉशिंग्टन स्टेटची. तिथे आतल्याच अ‍ॅन मॅकॉय यांना आधी हंगामी आणि जूनमध्ये कायम नेमलं. घर ओळखणारं माणूस निवडलं, हे मला पटतं.

म्हणून अर्जाच्या पत्रात विजयांची यादी थोडक्यात आटोपा. कॉन्फरन्स बदलून प्रसारणाचं उत्पन्न घटलं तर कोणता खेळ कसा वाचवाल, हे आकड्यांनिशी लिहा. जुलै 2025 पासून विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षाची मर्यादा सुमारे 2.05 कोटी डॉलर. तो पैसा कुठून आणणार, हे मुलाखतीत विचारतीलच.

तुम्हीही विचारा. स्टॅनफर्ड पॅसिफिकच्या बाजूला, कॅलिफोर्नियात आहे आणि खेळतं अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये. अशा ठिकाणी सही करण्याआधी मुलींच्या सॉफ्टबॉल संघाचं प्रवासाचं वेळापत्रक मागून घ्या आणि परीक्षेच्या तारखांशेजारी ठेवून बघा. करारात मुदतीआधी सोडल्यास तुम्ही किती भरायचे आणि काढल्यास विद्यापीठाने किती द्यायचे, ही दोन्ही कलमं वकिलाकडून वाचून घ्या. कॉन्फरन्स बदलली तर काय, हे त्यात नसेल तर लिहून मागा.