काळ्याभोर फ्रेटबोर्डचा हट्ट कुठून आला?

एबनीचं झाड पाडल्याशिवाय त्याच्या पोटात किती काळं दडलंय हे कळत नाही. सालीखालचं लाकूड फिकट, पिवळसर पांढरं असतं. काळा रंग फक्त गाभ्यात साठत जातो, आणि तोही झाडागणिक वेगळा. एकाचा गाभा आरपार काळाकुट्ट निघतो, तर शेजारच्याच झाडात तपकिरी, राखाडी पट्टे आणि डाग. हे निसर्गाचं साधं वैविध्य आहे. पण गिटारचा फ्रेटबोर्ड, म्हणजे मानेवरची तारांखालची पट्टी, याच लाकडाची करतात, आणि त्या बाजारात या वैविध्याची पार उतरंड लागली: डाग नसलेलं काळं ते अव्वल, रेषा असलेलं ते दुय्यम, आणि फारच रेषा असतील तर ते जंगलातच पडू द्यायचं. ही उतरंड लाकडाच्या गुणांवरून ठरली, असं बहुतेक वादक धरून चालतात. इतिहास बघितला तर त्यात गुणांपेक्षा सवयीचा वाटा मोठा दिसतो.

एबनी, म्हणजे आबनूस, हे काही एकच झाड नाही. डायोस्पायरॉस या वंशात शेकडो जाती आहेत आणि त्यांपैकी मोजक्याच जातींचा गाभा काळा होतो. दक्षिण भारत आणि श्रीलंकेत डायोस्पायरॉस एबेनम, कॅमेरून-गॅबोनच्या पट्ट्यात डायोस्पायरॉस क्रासिफ्लोरा, इंडोनेशियाच्या सुलावेसी बेटावर पट्ट्यापट्ट्यांचं मकासर एबनी. आपली टेंभुर्णी याच कुळातली. गडचिरोली-गोंदियाकडे तिची ओळख विडीच्या पानांपुरती, तेंदूपत्ता म्हणून; पण जुन्या झाडाला काळा गाभा धरतो, आणि लाकडाच्या जागतिक व्यापारात तिला कोरोमंडल एबनी असं भारदस्त नाव आहे.

फ्रेटबोर्डला हे लाकूड का लागतं, याची कारणं मात्र खरीखुरी आहेत. चांगल्या एबनीचं वजन घनमीटरला हजार किलोच्या आसपास किंवा त्याहून जास्त भरतं, म्हणजे पाण्यात टाकलं तर बहुधा तळाला जातं. छिद्रं इतकी बारीक की रोझवूडसारखे, म्हणजे शिसवासारखे, उघडे रेषे हाताला लागत नाहीत. वर पॉलिश चढवावं लागत नाही, नुसतं घासून गुळगुळीत होतं. तारांच्या खाली ते सावकाश झिजतं. ही गरज आधी व्हायोलिनला पडली. सतराव्या शतकातल्या कित्येक व्हायोलिनांचे फिंगरबोर्ड, म्हणजे तारांखालच्या पट्ट्या, हलक्या लाकडाचे असत आणि त्यावर कठीण लाकडाचा पातळ थर चिकटवलेला असे. पुढे माना लांबल्या, तारांचा ताण वाढला, धातूने मढवलेल्या तारा रुळल्या, तशी अख्खी एबनीची पट्टी बसवायची पद्धत पक्की झाली. युरोपातल्या गिटार बनवणाऱ्यांनी ती उचलली.

कठीणपणासोबत रंगही आला, आणि हळूहळू रंगच पुढे निघून गेला. एबनी दुरून, समुद्रापलीकडून येणारं महाग लाकूड. त्यामुळे काळी पट्टी म्हणजे भारी वाद्य हे समीकरण झालं. नकलाही निघाल्या. नाशपातीसारख्या साध्या लाकडाला लोहाचे क्षार आणि टॅनिन वापरून काळं करण्याची कला युरोपात जुनी आहे. नक्कल करताना कोणी पट्टे कशाला काढेल? ती सपाट काळीच होणार. पाहणाऱ्याच्या मनात अस्सल एबनीचं चित्रही तसंच सपाट काळं होण्यात या नकलांचा हात असावा, असं मला वाटतं.

विसाव्या शतकात अमेरिकी कंपन्यांनी हे समीकरण थेट किमतीच्या यादीत उतरवलं. गिब्सनने १९५४ मध्ये लेस पॉल कस्टम हे महागडं इलेक्ट्रिक गिटार काढलं: अंग काळं, साज सोनेरी आणि फ्रेटबोर्ड एबनीचा. साध्या लेस पॉलला रोझवूड. मार्टिनच्या डी-२८ ला एबनी, पण त्याच्या खालच्या डी-१८ ला दुसऱ्या महायुद्धानंतर कित्येक दशकं रोझवूडच. गिऱ्हाईक पट्टीच्या रंगावरून गिटारची पायरी ओळखायला शिकलं. मग कारखान्यात रेषा असलेली पट्टी आली की तिला काळा रंग पाजायचा, हे ओघानेच आलं. आजही नव्या गिटारचा फ्रेटबोर्ड तेलाने पुसला आणि फडक्यावर काळं उतरलं, तर त्यात मळापेक्षा रंगाचा भाग जास्त असू शकतो. ही फसवणूक म्हणावी का? कित्येक नामांकित कारागीर हे उघडपणे करतात, तेव्हा ती निदान लपवाछपवी तरी नाही.

गंमत अशी की हेच पट्टे दुसऱ्या धंद्यात मिरवले जात होते. १९२० च्या दशकात पॅरिसमध्ये एमिल-जाक रुलमन मकासर एबनीचं फर्निचर बनवत होता. त्यातल्या तपकिरी-काळ्या रेषांसाठीच श्रीमंत लोक पैसे मोजत. पॅरिसच्या दिवाणखान्यात जे दागिना ठरलं ते गिटारच्या मानेवर वैगुण्य.

काळ्याचा हट्ट तसाच राहिला आणि पुरवठ्याचा देश बदलत गेला. डच ईस्ट इंडिया कंपनीने सतराव्या शतकात मॉरिशसच्या किनारी जंगलातली एबनी तोडून नेली. भारत आणि श्रीलंकेचा माल आटत, निर्बंधांत जात राहिला. मग मादागास्कर. तिथल्या सरकारने २००६ मध्ये कच्च्या एबनीच्या निर्यातीवर बंदी घातली; २००९ मध्ये राजधानीत सत्तापालट झाला आणि मासोआला, मारोजेजी या राष्ट्रीय उद्यानांत तोडणाऱ्यांच्या टोळ्या घुसल्या.

इथे गिब्सनचं प्रकरण येतं. अमेरिकेचा लेसी कायदा १९०० चा, मूळचा वन्यजीवांसाठी. २००८ मध्ये त्यात झाडं आणि लाकूड आलं: दुसऱ्या देशाचा कायदा मोडून आणलेलं लाकूड अमेरिकेत बेकायदा. नोव्हेंबर २००९ मध्ये नॅशव्हिलच्या कारखान्यावर मादागास्करच्या एबनीसाठी छापा पडला. ऑगस्ट २०११ मध्ये दुसरा, आणि तो भारतातून गेलेल्या एबनी-रोझवूडसाठी. भारताचा तेव्हाचा नियम असा की चिरलेलं लाकूड बाहेर पाठवायचं नाही. ६ मिलिमीटरपर्यंतचा पातळ थर, म्हणजे व्हिनियर, चालायचा. फ्रेटबोर्डसाठी कापलेली, पण फ्रेट (धातूच्या आडव्या पट्ट्या) न बसवलेली पट्टी मग काय समजायची? चिरलेलं लाकूड, की वाद्याचा तयार भाग? वकिलांना हा प्रश्न पर्वणीच होता. अमेरिकेत त्याचं राजकारणही झालं, सरकार विरुद्ध उद्योजक अशा थाटात. ऑगस्ट २०१२ मध्ये तडजोड झाली. गिब्सनने ३ लाख डॉलर दंड भरला, वर ५० हजार डॉलर निसर्गरक्षणाच्या संस्थेला दिले आणि मादागास्करच्या मालावर पाणी सोडलं. भारतीय पट्ट्यांच्या वर्गवारीत संदिग्धता आहे हे सरकारनेही मान्य केलं आणि तो माल परत मिळाला. मधल्या काळात गिब्सनने काही गिटारांना रिचलाइट, म्हणजे कागद आणि राळेपासून दाबून केलेली काळी पट्टी, लावली. ती एकसारखी काळी असते, उन्हाळ्या-हिवाळ्यात फारशी हलतही नाही. तरी लेस पॉल कस्टम विकत घेणाऱ्यांनी बरीच नाकं मुरडली.

याच सुमाराला खरी कलाटणी मिळाली ती कॅमेरूनमध्ये. नोव्हेंबर २०११ मध्ये टेलर गिटार्स ही अमेरिकी गिटार कंपनी आणि स्पेनची लाकूड विकणारी मादिंतेर यांनी मिळून याउंदेमधली क्रेलिकाम ही एबनीची गिरणी विकत घेतली. टेलर गिटार्सचे सहसंस्थापक बॉब टेलर तोपर्यंत इतर सगळ्यांसारखेच काळी पट्टी मागणारे गिऱ्हाईक होते. गिरणीचे मालक झाल्यावर त्यांनी तोडणाऱ्यांना विचारलं की काळं झाड किती शोधावं लागतं. उत्तर मिळालं: दहा पाडली की एखादं. उरलेली तशीच टाकून यायची, कारण रेषांच्या लाकडाला भाव नाही आणि आडरानातून ते जड ओंडके खांद्यावरून रस्त्यापर्यंत आणायची मेहनत फुकट जाते. २०१२ मध्ये टेलरनी एका व्हिडिओत हे उघडपणे सांगितलं आणि जाहीर केलं की यापुढे आम्ही रेषांचं लाकूडही वापरणार. महागड्या गिटारांवरही. टेलरचं विक्रीचं अंग पक्कं असल्यामुळे त्या लाकडाला ‘स्मोकी एबनी’ असं देखणं नावही मिळालं. यात धंदा होताच. गिरणी घेतल्यावर नऊ झाडं वाया घालवणं त्यांनाच परवडणारं नव्हतं, आणि ते मला लबाडीचं वाटत नाही. धंद्याचं गणित आणि जंगलाचं गणित एकदा तरी जुळलं. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने जानेवारी २०१४ मध्ये कंपनीला या कामासाठी पुरस्कार दिला.

लागवडीचं काम २०१६ पासून सुरू झालं. काँगो बेसिन इन्स्टिट्यूटच्या शास्त्रज्ञांबरोबरचा हा एबनी प्रोजेक्ट, आणि पहिलं उद्दिष्ट होतं १५ हजार झाडं. गावकऱ्यांना एबनीच्या रोपांसोबत फळझाडंही देतात, कारण एबनी तोडणीला यायला अनेक दशकं लागतात आणि तोवर पोटाला काही हवं. या झाडाचा वंश चालतो कसा, याचा अभ्यासही त्याच निमित्ताने झाला. जंगली हत्ती एबनीची फळं खातात, बिया लांब नेऊन शेणात टाकतात आणि शेणातल्या बिया उंदरांसारख्या प्राण्यांपासून वाचतात. हस्तिदंतासाठी हत्ती मारले गेले तिथे एबनीची नवी रोपंही खूपच कमी आढळली. पियानोच्या पांढऱ्या पट्ट्या हस्तिदंताच्या आणि काळ्या एबनीच्या असत, हे इथे आठवल्याशिवाय राहत नाही.

मग चांगला फ्रेटबोर्ड ओळखायचा कसा? रंग बाजूला ठेवून. लाकूड पुरेसं वाळलेलं आहे का, हे पहिलं. एबनी सावकाश वाळते आणि घाई केली की टोकांना चिरा पडतात. म्हणून ओंडक्यांच्या तोंडांना मेण लावतात. कच्चं लाकूड बसवलं तर कोरड्या हवेत पट्टी आक्रसते आणि फ्रेटची टोकं कडेने बोटांना टोचू लागतात. रेषे पट्टीच्या लांबीला समांतर धावतात का, आडव्या कापात ते उभे दिसतात का, केसाएवढी चीर कुठे आहे का, हे त्यानंतर. तपकिरी पट्ट्याचं लाकूड काळ्याइतकंच टिकतं, असाच ते वापरणाऱ्यांचा अनुभव आहे. सुट्या पट्ट्या विकणारे मात्र अजूनही काळेपणावरून प्रत लावतात आणि एकरंगी काळ्याचे पैसे जास्त घेतात. स्वतः गिटार बांधणाऱ्याला किंवा दुरुस्तीला पट्टी हवी असलेल्याला त्याचा फायदाच आहे: खालच्या प्रतीतली नीट वाळलेली, सरळ रेषांची पट्टी निवडून घ्यावी आणि वाचलेले पैसे चांगल्या फ्रेटवर घालावेत.