एक्झॉस्ट हेडरची गळती (बोटीचे इंजिन)

सिलिंडर-हेडमधून निघणारा जळका वायू एकत्र करून धुराड्याकडे नेणाऱ्या बहुनळीला हेडर किंवा मॅनिफोल्ड म्हणतात. तिच्या जोडातून किंवा तड्यातून वायू बाहेर फुटणे ही एक गळती. भोवतीच्या जॅकेटमधले (पाणी खेळणाऱ्या बाहेरच्या कवचातले) थंड पाणी नळीत उतरणे ही दुसरी. पहिलीने बोटीतली माणसे दगावू शकतात, दुसरीने इंजिन. बहुतेक आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेर लावलेल्या) मोटरींत हा मार्ग ब्लॉकमध्येच ओतलेला असतो, त्यामुळे पुढची माहिती इनबोर्ड, म्हणजे बोटीच्या आत बसवलेल्या, इंजिनांची आहे.

समुद्रावर ओतीव लोखंडाचा हेडर खाऱ्या पाण्याने आतून पोखरला जातो. नागपूरजवळच्या खिंडसी किंवा तोतलाडोहसारख्या जलाशयांत पाणी गोडे असल्याने हा त्रास फारच कमी. इथे खरा शत्रू गाळ. उन्हाळ्यात पाणी उतरले की पंप तळाचा चिखल ओढतो, गाळणी तुंबते, जॅकेट तापते. मग फ्लँज (हेडरची इंजिनाला टेकणारी सपाट कड) वाकतो आणि जोडातले पॅकिंग जळते. सैल नट व इंजिनाचे थरथरणे हेही जुनेच कारण.

थंड इंजिन सुरू करताच येणारी टिकटिक आणि गरम झाल्यावर तिचे कमी होणे ही वायुगळतीची ओळख. धातू फुगून फट मिटते. म्हणून तपासणी सकाळी पहिल्या स्टार्टला करावी. स्टडभोवती (हेडर धरून ठेवणाऱ्या आट्यांच्या दांड्यांभोवती) पंख्यासारखी काळी काजळी दिसली तर ती फडक्याने स्वच्छ पुसून इंजिन दहा मिनिटे चालवावे. त्याच जागी ताजी रेघ उमटली की शंका उरत नाही. हेडरवर लॅगिंग (उष्णता अडवणारे आवरण) गुंडाळलेले असेल तर आधी ते सोडावे. जुन्या बोटींत त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते, तेव्हा स्वतः फाडू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, त्यामुळे बंद केबिनमध्ये त्याचा अलार्म हवाच.

पाणी उतरत असल्याचे पुरावे वेगळे: गंजलेला स्पार्क प्लग, दुधाळ ऑइल, जॅकेटचे अकारण घटणारे कूलंट, रात्रभर उभ्या इंजिनाचे क्रँकला (स्टार्टरने फिरवताना) अडकणे. अडकलेले इंजिन जोर लावून फिरवल्यास कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी प्लग किंवा इंजेक्टर काढावेत. खात्रीसाठी हेडर उतरवून जॅकेटची तोंडे बंद करावीत, सुमारे १ बार हवा भरून १५ मिनिटे काटा पाहावा आणि साबणपाणी लावून बुडबुडे शोधावेत.

बसवताना फ्लँजवर सरळपट्टी ठेवून फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) फिरवावा. ०.१ मिमीपेक्षा मोठी फट असल्यास लेथवाल्याकडे फेस मारून (पृष्ठभाग सपाट करून) घ्यावा. जाड पॅकिंगने ती भरण्याचा मोह टाळावा, ते लवकरच उडते. पॅकिंग दर वेळी नवे. स्टडला अँटी-सीझ (नट जाम होऊ न देणारी पेस्ट) लावून नट मधून बाहेरच्या दिशेने, तीन टप्प्यांत, कंपनीच्या पुस्तकातल्या टॉर्कवर (आवळण्याच्या जोरावर) आवळावेत. अँटी-सीझने घर्षण घटते, म्हणून पुस्तकातला आकडा कोरड्या स्टडचा असेल तर तो कमी धरावा. पहिल्या तापण्या-निवण्यानंतर नट पुन्हा तपासणे बरेच जण विसरतात. नव्या पॅकिंगची पहिली गळती बहुधा इथूनच.

ओल्या एक्झॉस्टच्या (धुरात पाणी सोडून तो थंड करणाऱ्या) बोटीत इंजिन लागत नसताना सतत क्रँक करू नये. पंप पाणी टाकत राहतो, पण ते ढकलायला वायू नसतो. सायलेन्सर भरून पाणी उलटे सिलिंडरात येते. अशा वेळी बाहेरून येणाऱ्या कच्च्या पाण्याचा कॉक बंद ठेवावा आणि इंजिन पेटताच उघडावा. गाळणी एरवी आठवड्याने उघडली तरी चालते, मे महिन्यात रोज.