पोर्टलंडचे सेंटर: वॉल्टनच्या पावलापासून क्लिंगनच्या मिनिटांपर्यंत

जून २०२५ संपता संपता एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल लीगमधल्या पोर्टलंड ट्रेल ब्लेझर्सने डिआंड्रे एटनशी तडजोड करून त्याचा करार एक वर्ष आधीच संपवला. एटन लॉस एंजेलिस लेकर्सकडे गेला. पोर्टलंडच्या पहिल्या पाचांतली सेंटरची, म्हणजे रिंगजवळ खेळणाऱ्या उंच खेळाडूची, जागा मोकळी झाली आणि तिच्यापुढे उभा होता ७ फूट २ इंच उंचीचा, २१ वर्षांचा डॉनोव्हन क्लिंगन. तोवर त्याच्या खात्यात एनबीएचा एकच हंगाम होता. एवढी जबाबदारी पेलायला तो तयार आहे का, हा प्रश्न कुठल्याही संघात विचारला गेला असता. पोर्टलंडमध्ये मात्र या प्रश्नाला पन्नास वर्षांचा इतिहास आहे, आणि तो बराचसा पायांच्या हाडांचा इतिहास आहे.

१९७४ च्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत) पोर्टलंडने पहिल्याच क्रमांकावर बिल वॉल्टनला घेतले. सुरुवातीची दोन वर्षे दुखापतींत गेली. १९७६-७७ मध्ये प्रशिक्षक जॅक रॅमसे यांनी सगळा खेळ त्याच्याभोवती बांधला: रीबाउंड (चुकलेल्या फटक्याचा चेंडू) घ्यायचा, जमिनीवर उतरायच्या आधीच लांब पास द्यायचा आणि पुढच्या टोकाला हाय पोस्टवर, म्हणजे फ्री थ्रोच्या रेषेपाशी, उभे राहून कापत येणाऱ्यांना चेंडू पुरवायचा. त्या हंगामात रीबाउंड (सामन्यामागे १४.४) आणि ब्लॉक, म्हणजे हवेत अडवलेले फटके (३.२), या दोन्हींत वॉल्टन लीगमध्ये पहिला होता. ५ जून १९७७ रोजी फिलाडेल्फियाविरुद्धच्या अंतिम मालिकेच्या सहाव्या सामन्यात त्याने २० गुण, २३ रीबाउंड, ७ असिस्ट (गुण मिळवून देणारे पास) आणि ८ ब्लॉक केले. पोर्टलंड १०९-१०७ ने जिंकले. या संघाचे आजवरचे विजेतेपद ते एकच.

पुढच्या हंगामात ६० पैकी ५० सामने जिंकून झाल्यावर वॉल्टनचे पाऊल दुखावले. प्लेऑफमध्ये (हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांत) तो वेदनाशामक इंजेक्शन घेऊन उतरला आणि नंतरच्या एक्स-रेमध्ये डाव्या पावलातले नेव्हिक्युलर हाड मोडल्याचे दिसले. हे हाड पावलाच्या कमानीच्या माथ्यावर असते. उडी मारताना आणि उतरताना भार त्याच्यावरून जातो, पण त्याच्या मधल्या भागाला रक्तपुरवठा कमी असतो. त्यामुळे तिथली बारीक चीर लवकर भरत नाही आणि विश्रांती न देता खेळत राहिले की ती पुरते हाड मोडेपर्यंत वाढते. अवघे ५८ सामने खेळूनही वॉल्टन त्या वर्षीचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, पण १९७८-७९ चा पूर्ण हंगाम तो बाहेर राहिला आणि १९७९ मध्ये सॅन डिएगोला निघून गेला.

१९८४ मध्ये दुसऱ्या क्रमांकावर सॅम बोवीची निवड झाली. तिसऱ्या क्रमांकावर मायकल जॉर्डन गेला, म्हणून ही निवड जगभर माहीत आहे. पण जॉर्डन हुकल्याच्या चर्चेत दुसरी गोष्ट झाकली जाते: डाव्या नडगीतल्या स्ट्रेस फ्रॅक्चरमुळे बोवी केंटकी विद्यापीठात सलग दोन हंगाम खेळूच शकला नव्हता. भाराने हाड थकते हे पोर्टलंडला आधीच ठाऊक होते. पहिल्या वर्षी तो ७६ सामने खेळला. पुढच्या चार हंगामांत मिळून ६३.

ग्रेग ओडेनचे प्रकरण सगळ्यांत जिव्हारी लागणारे. २००७ मध्ये तो पहिल्या क्रमांकावर आला आणि दुसऱ्यावर केविन ड्युरंट गेला. सप्टेंबरमध्येच, पहिला सामना होण्याआधी, ओडेनच्या उजव्या गुडघ्यावर मायक्रोफ्रॅक्चर शस्त्रक्रिया झाली. झिजलेल्या कूर्चेखालच्या हाडाला बारीक छिद्रे पाडायची, तिथे रक्त साकळून नवी ऊती तयार होऊ द्यायची, असे तिचे स्वरूप. ही नवी ऊती मूळ कूर्चेइतकी टणक नसते आणि अवजड शरीराखाली लवकर झिजते. पहिला हंगाम गेला, दुसऱ्यात ६१ सामने झाले, तिसऱ्यात २१. ५ डिसेंबर २००९ रोजी ह्यूस्टनविरुद्ध डाव्या गुडघ्याची वाटी मोडली. पोर्टलंडसाठी त्याचे एकूण सामने ८२, म्हणजे बरोबर एका नियमित हंगामाइतके. त्या ८२ सामन्यांत तो खेळायला कमी पडला नव्हता. तो मैदानावर असेपर्यंत रिंगजवळचा बचाव उत्तमच होता.

या यादीत एक उलटे उदाहरण आहे आणि क्लिंगनसाठी तेच जास्त उपयोगी आहे. लिथुएनियाच्या अर्विदास साबोनिसला पोर्टलंडने १९८६ मध्ये निवडले, पण तो आला १९९५ मध्ये, तिशी ओलांडून, अकिलिस स्नायुबंधाच्या जुन्या दुखापती घेऊन. पूर्वीची धाव आणि उडी उरली नव्हती. पहिल्या हंगामात त्याला सामन्यामागे २४ मिनिटांपेक्षा किंचित कमी खेळवले आणि तेवढ्यात त्याने १४.५ गुण आणि ८.१ रीबाउंड दिले. अशा शरीराचा माणूस पोर्टलंडसाठी सात हंगाम आणि ४७० सामने खेळला. बोवी आणि ओडेन या दोघांचे मिळून पोर्टलंडचे सामने भरतात २२१.

नंतरच्या काळात युसुफ नुर्किच आला, मार्च २०१९ मध्ये त्याच्या डाव्या पायाची दोन्ही हाडे मोडली. सप्टेंबर २०२३ मध्ये डेमियन लिलार्डच्या अदलाबदलीत नुर्किच फीनिक्सला गेला आणि तिथून एटन आला. त्याच सुमारास बॉस्टनहून आलेला रॉबर्ट विल्यम्स पहिल्या हंगामात ६ आणि दुसऱ्यात २० सामने खेळू शकला. एटनही २०२४-२५ मध्ये ४० सामन्यांवर थांबला. क्लिंगनच्या वाट्याला पहिल्याच वर्षी ३७ सामन्यांत पहिल्या पाचांतली जागा आली, त्यामागे हे होते.

क्लिंगन कनेटिकटमधल्या ब्रिस्टलचा. घराजवळच्याच कनेटिकट विद्यापीठात डॅन हर्लींच्या संघातून त्याने २०२३ आणि २०२४ अशी लागोपाठ दोन विद्यापीठ विजेतेपदे पाहिली. पहिल्या वर्षी तो अदामा सानोगोचा राखीव होता, सामन्यामागे १३ मिनिटांचा. दुसऱ्या वर्षी पहिल्या पाचांत आला तरी आकडा साडेबावीसच्या आसपास राहिला. हंगामाआधी उजव्या पावलाला ताण आला होता, डिसेंबरमध्ये त्याच पावलाचा स्नायुबंध दुखावला आणि पाच सामने बुडाले. पोर्टलंडच्या माणसाला ‘पाऊल’ हा शब्द ऐकला की वॉल्टन आठवतो. हाडाची चीर आणि स्नायुबंधाची इजा या वेगळ्या गोष्टी आहेत, तरी दोन्हींमागे अवजड शरीर आणि वारंवार येणारा भार असू शकतो. ड्राफ्टआधीच्या मोजमापात त्याचे वजन २८२ पौंड, म्हणजे सुमारे १२८ किलो भरले होते.

त्याच मोजमापातला दुसरा आकडा त्याची ताकद सांगतो. जमिनीवर उभ्याने हात वर केला की बोटे ९ फूट ७ इंचांवर पोचतात. रिंग १० फुटांवर असते. म्हणजे उडी न मारता रिंगपर्यंत फक्त ५ इंच उरतात. मार्च २०२४ मध्ये बॉस्टनला इलिनॉयविरुद्ध याचा अर्थ सगळ्यांनी पाहिला: क्लिंगन आडवा आला असताना इलिनॉयने १९ फटके मारले आणि एकही आत गेला नाही. २३-२३ वरून कनेटिकटने सलग ३० गुण केले आणि सामना ७७-५२ ने संपला. पुढे अंतिम सामन्यात पर्ड्यूच्या झॅक ईडीने ३७ गुण काढले, हेही विसरू नये. कनेटिकटने ईडीसमोर एकच माणूस ठेवून बाकीच्यांना नेमबाजांपाशी चिकटवून ठेवले, पर्ड्यूचे तीन गुणांचे फटके सातच निघाले आणि त्यातला एक पडला. डाव यशस्वी झाला, पण आपल्याइतक्याच अवजड माणसाला एकट्याने किती वेळ रेटून धरता येते, ही क्लिंगनची मर्यादा तिथे दिसली.

पोर्टलंडने त्याला २०२४ मध्ये सातव्या क्रमांकावर घेतले. १३ नोव्हेंबर २०२४ रोजी मिनेसोटाविरुद्ध १७ गुण, १२ रीबाउंड, ८ ब्लॉक. थोड्याच दिवसांत गुडघ्याच्या आतल्या बाजूचा अस्थिबंध ताणला आणि तो काही काळ बाहेर बसला. हंगामाअखेर हिशेब असा: ६७ सामने, १९.८ मिनिटे, ६.५ गुण, ७.९ रीबाउंड, १.६ ब्लॉक आणि लीगच्या सर्वोत्तम नवोदितांच्या दुसऱ्या मानाच्या संघात जागा. संघ पहिल्या ४१ सामन्यांत १३-२८ (विजय-पराभव) आणि पुढच्या ४१ मध्ये २३-१८ असा बदलला. हे श्रेय एकट्या क्लिंगनचे नाही. सहकारी तुमानी कमारा आणि डेनी अवदिया यांचा बाहेरचा बचाव त्यात तितकाच होता आणि त्या लाटेच्या सुरुवातीला एटनही खेळत होता.

या आकड्यांना ३६ मिनिटांच्या पट्टीवर ताणले की ११.८ गुण, १४.४ रीबाउंड आणि २.९ ब्लॉक येतात. हे गणित फसवे आहे. वीस मिनिटे खेळणारा सेंटर ती ताज्या पायांनी खेळतो, अनेकदा समोरच्या राखीव खेळाडूंविरुद्ध, आणि फाऊलची चिंता न करता. मिनिटे वाढली की या तिन्ही सवलती कमी होतात.

क्लिंगनचा बचाव मुख्यतः ड्रॉप पद्धतीचा, म्हणजे मागे राहून रिंग राखण्याचा. समोरचा सेंटर स्क्रीन लावतो (आपल्या गार्डच्या वाटेत आडवा उभा राहतो), चेंडूवाला त्याला वळसा घालतो, आपला गार्ड स्क्रीनच्या वरून पाठलाग करतो. या दोन-तीन सेकंदांत सेंटरने फ्री थ्रोच्या रेषेच्या आतच राहायचे, चेंडू आणि रिंग यांच्या मधली वाट धरायची, रोल करणाऱ्याला (स्क्रीन लावून रिंगकडे वळणाऱ्याला) पाठीमागे जाऊ द्यायचे नाही आणि छाती चेंडूकडे ठेवून मागे सरकत राहायचे. एक हात चेंडूच्या रेषेत, दुसरा पासच्या वाटेत. फटका उचलला गेला की सरळ वर उडायचे, हात उभे. हात पुढे कलला की फाऊल, आणि सहाव्या फाऊलला बाहेर.

चुका होतात त्या पायांपासून. दमलेला सेंटर अर्धे पाऊल आधीच मागे हटतो, मग चेंडूवाल्याला फ्री थ्रोच्या रेषेपाशी फ्लोटरसाठी (उंच, हलक्या फटक्यासाठी) जागा मिळते. किंवा तो उशिरा सरकतो, खांदा वळवतो आणि लॉब (उंच पास) डोक्यावरून जातो. समोरचा सेंटर बाहेर तीन गुणांचा फटका मारणारा असेल तर ड्रॉपच उपयोगाचा राहत नाही. तेव्हा रेषेपर्यंत धावत जाऊन परत यावे लागते आणि १२८ किलोच्या माणसासाठी हीच फेरी सगळ्यांत महाग असते. शेवटच्या पाच मिनिटांत प्रतिस्पर्धी मुद्दाम हेच करतात. क्लिंगनची परीक्षा इथे आहे, ब्लॉकच्या संख्येत नाही.

आक्रमणात त्याच्याकडून फार मागू नये. स्क्रीन लावताना पाय पूर्ण थांबलेले हवेत, नाहीतर हलत्या स्क्रीनचा फाऊल लागून चेंडू जातो. रोल लवकर आणि थेट, आणि फटका चुकला की हात वर. फ्री थ्रो त्याने पहिल्या वर्षी ५९.६ टक्के घातले. दोन प्रयत्नांचे सरासरी १.१९ गुण होतात, म्हणजे त्याला मुद्दाम फाऊल करून समोरच्याचा फायदा होत नाही. हेच प्रमाण ५० टक्क्यांवर घसरले तर दोन प्रयत्नांना एकच गुण मिळेल आणि सामना रंगात आल्यावर त्याला बाहेर बसवावे लागेल. तीन गुणांचा फटका २८.६ टक्के, म्हणजे प्रयत्नामागे सुमारे ०.८६ गुण. कोपऱ्यात त्याला मोकळे सोडले तर त्याने तो मारावा, कारण न मारल्यास त्याचा रक्षक रिंगपाशीच बसतो. पण त्याच्यासाठी डाव आखण्याइतका तो फटका अजून पक्का नाही.

२०२५ च्या उन्हाळ्यातच पोर्टलंडने ड्राफ्टमध्ये अकराव्या जागेवरून सोळाव्यावर उतरून चीनच्या यांग हानसेनला घेतले. उंच, पास उत्तम, पायांनी संथ. विल्यम्सही संघात होताच. म्हणजे क्लिंगनच्या मागे दोन माणसे होती, एक नाजूक तब्येतीचा आणि एक अगदी नवखा. मिनिटे वाटायची मुभा होती, पण प्रत्येक दुखापतीबरोबर ती आकसणार होती.

माझ्या मते रिंगजवळच्या बचावासाठी आणि रीबाउंडसाठी क्लिंगन २०२५ च्या उन्हाळ्यातच तयार होता. ३२-३४ मिनिटांसाठी नव्हता. पहिल्या वर्षी तो सुमारे १,३३० मिनिटे खेळला. सामन्यामागे २७ मिनिटे आणि ७२ सामने धरले तर १,९४० च्या पुढे जाते, म्हणजे एका वर्षात जवळपास दीडपट भार. एवढी वाढ पुरेशी आहे. ती देताना लागोपाठच्या दोन रात्रींपैकी एका रात्री २० मिनिटांची मर्यादा, पहिल्या सत्रात सलग सहा-सात मिनिटांनंतर बदल, आणि पावलात दुखल्याची पहिली तक्रार आली की इंजेक्शनऐवजी आधी स्कॅन. १९७८ मध्ये हा क्रम उलटा झाला होता.